गावातलं यूट्यूब चॅनल हजार सबस्क्रायबरच्या पुढे कसं न्यावं? (वऱ्हाडातले चॅनलवाले, या इकडे)

आंबिया_बहार

राम राम राजेहो. मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितो आहे. घरची संत्र्याची बाग, थोडी कपाशी, तिच्यात तुरीची तासं. बागेत जे काम चालू असेल त्याचं मोबाईलवर शूटिंग करून यूट्यूबवर टाकतो. आळे करणं, खोडाला बोर्डो पेस्ट लावणं, फळगळ, व्यापारी बाग पाहायला येतो तेव्हा नेमकं काय पाहतो, असं सगळं. सबस्क्रायबर साडेसहाशेच्या घरात येऊन थांबले. मधात शंकरपटाचा (बैलजोड्यांच्या शर्यतीचा) एक शॉर्ट टाकला, तो एकटाच लाखावर गेला आणि दोनशेक जण एकदम जोडले गेले. त्याच्यानंतर डिंक्यावरचा, म्हणजे खोडातून डिंक गळायच्या रोगावरचा, व्हिडिओ टाकला तर पाहणारे तेच नेहमीचे साठ-सत्तर.

विचारायचं असं की लोक हा आकडा दहा हजार, लाख असा नेतात कसा? मामेभाऊ म्हणते हिंदीत बोल, मराठीत काही ठेवलं नाही. बायको म्हणते कॅमेरा पाहिला की तुम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषण केल्यासारखे बोलता, घरी बोलता तसं बोला. आणि काल एकाचा फोन आला, हजार सबस्क्रायबर आणून देतो, पैसे आधी टाका म्हणे. अजून टाकले नाहीत.

तर्रीबाज

टाकूही नको बे! थे हजार जण माणसं नाईत, नुसती खाती असतात. यूट्यूब अशी खाती मधामधात झाडून काढते, म्हणजे पैसेही गेले अन् आकडाही गेला.

पयले हे सांग, तुले सबस्क्रायबर पायजे, का पैसे पायजे, का बागायतदारात नाव पायजे? तिन्हीचे रस्ते अलग हायेत.

आंबिया_बहार

खरं सांगू? तिन्ही पाहिजे. पण नंबर लावायचा तर नाव आधी. बागेला व्यापारी चांगला येईल.

मूळचा_वाशीमचा

पुण्यात याच कामात आहे, कंपन्यांची चॅनलं सांभाळतो. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

आधी पैशाचं, कारण गैरसमज तिथेच जास्त. जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर लागतात, आणि त्याच्या जोडीला मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. त्याच्या अलीकडे एक पायरी आहे: ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि ३,००० तास किंवा शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज. तिथे जाहिराती नाहीत, पण प्रेक्षक सुपर थँक्ससारख्या मार्गाने पैसे देऊ शकतात, मेंबरशिप घेऊ शकतात. तुम्ही साडेसहाशेवर आहात म्हणजे या पायरीची माणसांची अट पार झाली, अडलंय ते तासांवर.

आणि तासांमध्ये शॉर्ट्स फीडमधलं पाहणं धरत नाहीत. तुमचा शंकरपट लाखावर गेला तरी ४,००० तासांच्या खात्यात त्याचा शून्य. हिशोब करून बघा: ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एक माणूस तुमचा व्हिडिओ सरासरी ४ मिनिटं पाहत असेल तर ६०,००० वेळा पाहिला जायला हवा. सरासरी ८ मिनिटांवर नेली तर ३०,००० मध्ये काम होतं. म्हणून माणूस किती वेळ टिकतो, ते आधी बघा.

यूट्यूब स्टुडिओत (चॅनलवाल्यांच्या अॅपमध्ये) प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख असतो, कोणत्या सेकंदाला किती जण उठून गेले त्याचा. मी पैज लावतो, तुमचा आलेख पहिल्या अर्ध्या मिनिटात कोसळत असेल. कारण तिथे तुम्ही ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो, आपल्या चॅनलवर आपलं स्वागत आहे, नवीन असाल तर’ हे सगळं म्हणत असणार.

आंबिया_बहार

आत्ताच पाहिलं. चाळीस सेकंदांत निम्मे गायब. आणि हो, तसंच म्हणतो.

तर्रीबाज

घंटी दाबाले सांगतो का नाई? 😄

मूळचा_वाशीमचा

सुरुवात रोगट झाडाजवळ उभं राहून करा. “हे झाड पाहा, पिवळं पडलं, बुडाशी डिंक गळतोय. वाचेल का, ते आज पाहू.” बस्स. स्वागत नाही, नमस्कार नाही.

दुसरा आकडा म्हणजे थंबनेल (व्हिडिओचं मुखचित्र) समोर आल्यावर किती टक्के लोक आत आले. यूट्यूबच्याच म्हणण्याप्रमाणे निम्म्या चॅनलांचा हा आकडा २ ते १० टक्क्यांच्या मध्ये असतो. तुमचा ३ असेल तर रडू नका. थंबनेलवर तीन-चार शब्द, तेही देवनागरीत, मोठे. उन्हात मोबाईल धरून पाहणाऱ्याला वाचता आले पाहिजेत. एकाच व्हिडिओला तीन थंबनेल लावून कोणतं चालतं हे तपासायची सोय स्टुडिओत आहे, ती वापरा.

शंकरपटाच्या शॉर्टवरून आलेले ते दोनशे जण बैलं पाहायला आले होते. त्यांच्यासमोर यूट्यूबने डिंक्या ठेवला, त्यांनी अंगठ्याने वर सरकवला. अशा सबस्क्रायबरचा उपयोग तर नाहीच, उलट नवीन व्हिडिओचा पहिला प्रतिसाद थंड दिसतो.

पाटाचं_पाणी

अवांतर होईल, पण शंकरपटाला नावं ठेवू नका. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद पडला, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने वाट मोकळी केली. तळेगाव दशासरचा पट आम्ही पोरवयात बैलगाडीने जाऊन पाहत असू. त्याचंच वेगळं चॅनल काढा की. माणूस जोडीचं नाव, मालकाचं गाव, सेकंद, सगळं पाहतो.

मूळचा_वाशीमचा

काका, नावं नाही ठेवत. उलट तुमचं बरोबर आहे, वेगळं चॅनल काढावं. एका चॅनलवर पट आणि संत्रा दोन्ही नकोत, इतकंच.

सरगुंडे

मी अकोला जिल्ह्यातली. स्वयंपाकाचं चॅनल आहे, आकडा सांगत नाही, नजर लागते. पण रुपेरी बटण भिंतीवर आहे, म्हणजे लाखाच्या वर समजा.

भाऊ, तुमच्या बायकोचं ऐका. मी सुरुवातीला अगदी मापून-मोजून बोलायची. एकदा रोडग्यांचा व्हिडिओ चालू होता आणि मागून सासूबाई म्हणाल्या, “अवो, इतक्या गोवऱ्या कायले लावता, राख करता का रोडग्याची?” मी ते कापलं नाही. कमेंटी सगळ्या सासूबाईंवर! पुण्या-मुंबईत राहणारे, दुबईत कामाला गेलेले आपले लोक लिहीत होते, आजीचा आवाज ऐकून घर आठवलं. पुढच्या व्हिडिओपासून त्या समोर आणि मी कॅमेऱ्यामागे. मला तसंही समोर उभं राहायची हौस नव्हती.

वऱ्हाडीत बोलल्याने पश्चिम महाराष्ट्रातला माणूस तुटतो म्हणतात. मला तसं दिसलं नाही. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या ‘आपली आजी’ चॅनलचंच बघा ना, त्यांची बोली त्यांच्या गावची आहे, आणि आम्ही विदर्भात बसून पाहतो.

दुसरं सांगते ते ऋतूचं. कुरड्या, खारोड्या, सरगुंडे, मुगवड्या, ही वाळवणं मी एकदाच केली, एकेका पदार्थाचा सावकाश व्हिडिओ, प्रमाणासकट. दर वर्षी होळी आली की ते जुने व्हिडिओ आपसूक उठतात. मी तेव्हा नवीन काही टाकत नाही तरी सबस्क्रायबर वाढतात. मांड्यांचा व्हिडिओ मात्र इतका खपून केला तरी पडला, कारण मांडे पाहायला सगळ्यांना आवडतात, करायला कोणी घेत नाही. आणि प्रमाण कमेंटमध्ये लिहून तीच कमेंट वर टाचून ठेवायची, बाया तेवढ्यासाठी परत येतात.

आंबिया_बहार

ताई, सासूबाईंना नमस्कार सांगा. आमच्याकडे आबा आहेत, बागेतलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजतं, पण कॅमेऱ्यात यायला तयार नाहीत.

सरगुंडे

कॅमेरा आहे हे सांगूच नका म्हणत नाही, तसं करू नये. पण कामाला लावा. हाताला काम असलं की म्हातारी माणसं बोलतात.

कृषिकन्या_अकोला

मी कृषी पदवीधर, सध्या कृषी सेवा केंद्र चालवते. ऋतूचा मुद्दा शेतीच्या चॅनलला तर सोळा आणे लागू. तुमच्याकडे वर्षाचं वेळापत्रक तयारच आहे, बागेने दिलेलं.

आंबिया बहाराचा (थंडीअखेरच्या फुलोऱ्याचा) ताण, म्हणजे फुलं यावीत म्हणून झाडाचं पाणी तोडणं, डिसेंबर-जानेवारीत. हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त, हे समजावणारा व्हिडिओ ताण सोडायच्या आधी यायला हवा, नंतर आला तर कोण पाहणार? फळगळ ऑगस्ट-सप्टेंबरची, तिचा व्हिडिओ जुलैअखेर तयार पाहिजे. मृग बहाराचे (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याचे) प्रश्न पावसाच्या तोंडावर. कपाशीत डोमकळी (अळीमुळे न उमललेलं फूल) दिसायला लागली की चार दिवसांत आख्खं वऱ्हाड ‘गुलाबी बोंडअळी’ शोधतं. तेव्हा कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारा) कसा लावायचा, सलग ३ रात्री एका सापळ्यात दर रात्री ८ पतंग आले तर फवारणीचा विचार करायचा, हे कोणी शेतात उभं राहून दाखवलं तर तो व्हिडिओ पुढच्या वर्षीही चालणार.

शोधतात कसे तेही लक्षात घ्या. आमच्या दुकानात शेतकरी मोबाईलच्या माईकवर बोलून शोधतात: “संत्रा पिवळा पडला उपाय”. तेच शब्द शीर्षकात हवेत. ‘सिट्रस बागेतील अन्नद्रव्य व्यवस्थापन’ असं शीर्षक दिलं तर आमच्या प्राध्यापकांखेरीज कोणी यायचं नाही. काही जण मराठी रोमन लिपीत टाइप करतात, त्यांच्यासाठी खालच्या वर्णनात तसंही लिहून ठेवा.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. औषधाचं नाव घ्याल तिथे दहादा विचार करा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. दोन-तीन औषधं एकत्र कालवणं, तोंडाला फडकं नाही, कपाशी डोक्याच्या वर, अशी अनेक कारणं होती. आणि आज मी यूट्यूबवर पाहते तर पोरं बिनधास्त सांगतात, हे घ्या, ते घ्या, एका पंपात टाका, आठ दिवसांत फरक. त्या पिकावर त्या औषधाचा लेबल क्लेम (वापरायची सरकारी मान्यता) आहे की नाही, प्रमाण काय, फवारणीनंतर तोडणी किती दिवसांनी, एक शब्द नाही. व्ह्यूज मात्र भरपूर. असला माणूस माझ्याकडे बाटलीचा फोटो घेऊन येतो तेव्हा त्याला परत पाठवताना माझा अर्धा तास जातो.

तुम्ही शिफारस सांगताना अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची सांगा, आणि ती तिथली आहे असं तोंडाने म्हणा. स्वतःचा अनुभव असेल तर ‘माझ्या बागेत असं झालं’ एवढंच. सबस्क्रायबर हळू वाढतील. पण बागायतदार एकदा फसला की तुमचं तोंड पुन्हा पाहणार नाही, आणि गावात सांगेल ते वेगळंच.

तर्रीबाज

ताई, एक नंबर. औषध कंपन्यावाले याच पोट्ट्याईले पकडतात ना. दहा हजार सबस्क्रायबर झाले की एक जण येते, आमच्या बाटलीचा व्हिडिओ करून दे म्हणते.

कृषिकन्या_अकोला

येतातच. पैसे घेऊन केलेला व्हिडिओ असेल तर अपलोड करताना ‘सशुल्क जाहिरात’ची खूण करावी लागते, यूट्यूबचा नियमच आहे. किती जण करतात ते विचारू नका.

झाडीपट्टी_रसिक

देसाईगंज वडसा. आमचं दुखणं वेगळं. दिवाळीनंतर इकडे नाटकांचा हंगाम, रात्रभर नाटक, पाचशे खुर्च्यांचा मंडप भरलेला. तुकडे टाकले की व्ह्यूज पडतात. पण नाटकात मधे सिनेमाचं गाणं वाजतं आणि लगेच दावा येतो. दावा म्हणजे बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाला, एवढंच. स्ट्राइक (मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढला जाणं) वेगळा, ९० दिवसांत कॉपीराइटचे तीन झाले की चॅनल बंद होऊ शकतं. लोक दोन्ही एकच समजून घाबरतात, किंवा दोन्हीला सारखेच भीत नाहीत, ते आणखी वाईट. आणि मंडळाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय नाटक टाकू नये, मग ओळखीचा निर्माता असला तरी.

आंबिया_बहार, मागे गाणं लावत असाल तर काढा. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे. खरं तर बागेत संगीत हवंच कशाला, पाखरं आहेत.

आंबिया_बहार

पाखरं ठीक, पण वारा? अर्ध्या व्हिडिओत नुसतं भूंऽऽ ऐकू येतं. नाहीतर शेजारच्याची मोटर.

मोबाईल_दुरुस्ती_वणी

कॉलरचा साधा वायरवाला माईक घ्या, त्याला फोमची टोपी, आणि शर्टाच्या आतून लावा. कॅमेऱ्यावर पैसे घालू नका, आवाजावर घाला. माणूस धूसर चित्र सहन करते, आवाज नाही आला तर दोन सेकंदांत पुढे जाते. मोटर बंद असते तेव्हाच शूट करा. लाईन रात्रीची असेल त्या आठवड्यात सकाळ तुमचीच.

आता कान उघडे ठेवून ऐका. दुकानात मागच्या वर्षी एक पोरगा रडत आला. ‘तुमच्या चॅनलला जाहिरात द्यायची आहे’ असा मेल, सोबत ‘करार’ म्हणून फाइल. भावाच्या लॅपटॉपवर उघडली, दुसऱ्या दिवशी चॅनलचं नाव बदललेलं आणि त्यावर क्रिप्टोचं लाइव्ह चालू. अशा फाइलने पासवर्ड न विचारताही लॉगिन चोरतात. वर ताईंनी ज्या आजींचं नाव घेतलं त्यांचंही चॅनल २०२० मध्ये हॅक झालं होतं, परत मिळालं हे नशीब. दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन आजच लावा, आणि चॅनलचा ईमेल गावभर देऊ नका.

मूळचा_वाशीमचा

हिंदीचं राहिलं. मामेभाऊ अगदीच चूक नाही. संत्रा काही आपल्याच मालकीचा नाही. मध्य प्रदेशात पांढुर्णा, सौंसर, तिकडे राजस्थानात झालावाडची भवानी मंडी, सगळीकडे बागा आहेत आणि ते लोक हिंदीत शोधतात. हिंदीत प्रेक्षक मोठा, स्पर्धाही तशीच मोठी. मराठीत संत्र्यावर नीट बोलणारे मोजके.

तर्रीबाज

पांढुर्ण्याले मराठी समजते हो. अर्धं गाव आपलंच हाय.

मूळचा_वाशीमचा

मान्य. भवानी मंडीला नाही समजत. माझं मत: आधी मराठी पक्कं करा. पुढे ज्या व्हिडिओला ‘हिंदी में बताइए’ अशा कमेंटी येतील तेवढेच हिंदीत वेगळे करा. एका व्हिडिओत दोन भाषा कालवू नका, दोन्हीकडचे उठून जातात.

पाटाचं_पाणी

छत्तीसगडात रायपूरजवळ तुलसी नावाचं गाव आहे म्हणे, घरोघरी यूट्यूब करतात. आमच्याकडे तसं झालं तर निंदणाला बाई मिळणार नाही. आत्ताच मिळत नाही.

सरगुंडे

काका, बाई मिळत नाही ती यूट्यूबमुळे नाही. मजुरी वाढवून पाहा. 🙂

पाटाचं_पाणी

बरं ताई.

आंबिया_बहार

सगळ्यांचं वाचलं, रात्री बायकोला वाचून दाखवलं, ती “मी काय म्हणत होते” म्हणाली. शंकरपटाचं वेगळं चॅनल लहान भाऊ काढतो म्हणतो. मी संत्र्यावरच राहतो. आबांना आज ताणाची माती पाहायला बागेत नेलं. फावड्याने एक हात खोल खणलं, माती मुठीत दाबून दाखवली आणि पाणी कधी सोडायचं ते आपणहून दहा मिनिटं बोलले. पानं कशी मलूल होतात, किती पिवळी पडली की थांबायचं नाही, सगळं. शेवटी म्हणाले, “हे कोण पाहते रे?” तेही ठेवलं आहे.

एक शंका. पैसे जमायला लागले तर पुढे काय असतं? बँकेत थेट येतात?

मोबाईल_दुरुस्ती_वणी

अॅडसेन्सचं (गूगलच्या जाहिरात-कमाईचं) खातं लागते. १० डॉलर जमले की गूगल घरच्या पत्त्यावर पिन टाकते, साध्या टपालाने. तो टाकल्याशिवाय पुढे काही नाही, आणि बँकेत यायला १०० डॉलर जमावे लागतात. खेड्यात पिनचं पाकीट हमखास हरवते. पत्त्यात घर नंबर नसेल तर वडिलांचं नाव, पोस्ट, तालुका, पिनकोड सगळं इंग्रजीत नीट टाका, आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा. नाही आलं तर पुन्हा मागवता येते.

मूळचा_वाशीमचा

आणि अॅडसेन्समध्ये कराची माहितीही भरा. अमेरिकेत बसून पाहणाऱ्यांकडून झालेल्या कमाईवर तिथला कर कापतात, माहिती दिली नाही तर जास्त कापतात. ताईंच्या चॅनलला हे जास्त लागू, तुमचा डिंक्या अमेरिकेत कोण पाहणार.

आंबिया_बहार

बरोबर आहे 😄 आबांचा व्हिडिओ अपलोडला लावला आहे. इथे रेंज एकच काडी, पहाटेपर्यंत चढेल. सकाळी लिंक टाकतो.

तर्रीबाज

लिंक नको टाकू. शीर्षक सांग, आमी शोधून पायतो. वर येते का नाई थे त्याच्यानंच समजते.

आंबिया_बहार

‘आबांचा सल्ला : ताण व्यवस्थापन भाग १’

कृषिकन्या_अकोला

अहो नाही! ‘संत्रा आंबिया बहार : ताण कधी तोडायचा?’ असं टाका. आबा थंबनेलवर, मूठभर माती घेऊन. आणि ‘भाग १’ काढा, भाग २ यायच्या आधी ताण सुटलेला असेल.

आंबिया_बहार

बदललं.